पहिल्या खुर्चीवरची बोली

ड्राय फोर्क गावात त्या जागी आता टायरचं दुकान आहे. चकचकीत, काचेचं, आणि आत निवांत बसावं अशी एकही खुर्ची नाही. तिथून गाडी जाताना ओलेटा बरिस मान दुसरीकडे वळवते. ऐंशी ओलांडलेली बाई ती, मान का वळवतेस असं तिला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ती सांगायची नाही. पण काचा बंद असल्या तरी तिला मळी घातलेल्या पेंडीचा वास येतोच. पूर्वी तिथे हर्शल कूट्सचं दुकान होतं. गुरांचं खाद्य, दोरखंड, खुरांना लावायचं मलम असलं सगळं तिथे मिळायचं, आणि पोत्यांच्या थप्पीमागे एक खोली होती. दर गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की त्या खोलीत पाच जण पत्ते खेळायला बसत. पैशांच्या जागी चकत्या लावायच्या, पण त्यांच्यामागे थोडाफार पैसा असायचा. किती, ते शेरीफनेही कधी विचारलं नाही, कारण त्याचा मेहुणा क्लोव्हिस यान्सी त्या पाचांतलाच एक होता.

खेळ आपला टेक्ससचा, साधाच. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळायचे, ते बघून बोली लागायची; ज्याला ती घ्यायची त्याने तेवढ्याच चकत्या मधे ठेवायच्या, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. मग मधे पाच पत्ते उघडे पडायचे, आधी तीन, मग एक, मग आणखी एक, दर वेळी पुन्हा बोली, आणि ते पाच सगळ्यांचे. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचं चांगलं जुळेल त्याची चकत्यांची रास. एवढं तर शेंबडं पोरही शिकतं. आयुष्य जातं ते पाळी समजण्यात. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेला सगळ्यांत आधी बोलतो, वाटणारा सगळ्यांत शेवटी. शेवटच्याला सगळ्यांची तोंडं बघून बोलता येतं. पहिल्याला कुणाचंच काही कळलेलं नसतं. त्या जागेला ह्या टेबलावर ‘पहिली खुर्ची’ म्हणत. वाटप फिरत राहायचं, त्यामुळे पहिली खुर्ची प्रत्येकाच्या वाट्याला यायची, आणि शहाणी माणसं तिथे बसली की गुपचूप पत्ते टाकायची.

हे सगळं ओलेटाला शिकवलं वेल्डन स्ट्राउडने.

वेल्डन म्हणजे उंच, हाडकुळा, हॅट डोक्याला जन्मतःच चिकटलेली असावी असा माणूस. तरुणपणी तो आणि ओलेटाचा नवरा डब एका जुन्या ब्युइक गाडीतून तेलाच्या गावागावांतून पत्ते खेळत हिंडायचे. औषधाच्या दुकानांवरच्या खोल्या, हॉटेलांच्या मागल्या दारांच्या वाटा, कुठे जिंकून पळायचं आणि कुठे हरून राहायचं, सगळं त्यांना पाठ. ओलेटा घरी कॉफी गरम ठेवून वाट बघायची आणि दोघे आले की पोट दुखेपर्यंत हसायची, कारण डब नकला करायचा आणि वेल्डन ढिम्म चेहऱ्याने म्हणायचा, ‘खोटं बोलतोय तो. माझे दोन दात पडले होते, एक नाही.’ त्या काळी ती कधीकधी दोघांवरही भडकायची. पुढे डब गेला आणि तिला कळलं की तिच्या जन्माची सगळी करमणूक त्या ब्युइकमधून घरी येत होती.

डबला पोचवून आल्यावरच्या गुरुवारी वेल्डन तिच्या दारात उभा राहिला.

“चल.”

“कुठे?”

“डबची खुर्ची रिकामी आहे. रिकामी खुर्ची ठेवली की टेबल लंगडं होतं.”

“मला पत्ते येत नाहीत, वेल्डन.”

“डबला तरी कुठे येत होते?”

ती गेली. बाईमाणूस टेबलावर म्हटल्यावर क्लोव्हिसने महिनाभर तोंड वाकडं केलं, मग ती जिंकायला लागल्यावर आणखी वाकडं केलं. वेल्डन दुकानाच्या पायरीवर बसून तिला शिकवायचा. “हे बघ ओलेटा, पहिल्या खुर्चीवरून जो बोली वाढवतो ना, त्याच्यामागे चार जण बोलायचे असतात. त्या चौघांच्या हातात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. तरी वाढवतो. म्हणजे एक तर त्याच्याकडे बक्कळ आहे नाहीतर तो मूर्ख आहे. मूर्ख कोण ते तुला महिनाभरात कळेल. बाकीच्यांवर विश्वास ठेव. हातात गोजिरे पत्ते असले तरी टाक. गोजिऱ्या पत्त्यांनी माझ्या ओळखीची कितीतरी माणसं देशोधडीला लागली.”

वेल्डन स्वतः पहिल्या खुर्चीवरून क्वचितच वाढवायचा. पण वाढवली की टेबलावरचे पत्ते पटापट खाली पडायचे. कुणी घेतलीच नाही बोली, तर पत्ते दाखवायचं बंधन नसतं. त्यामुळे त्याच्या हातात खरंच काय असायचं ते फारसं कुणी पाहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावातल्या सलूनमध्येसुद्धा कुणी ठामपणे बोलला की लोक म्हणायचे, ‘वेल्डनने पहिल्या खुर्चीवरून वाढवली बाबा, आता गप्प बसा.’

त्या टेबलाच्या दोन रीती होत्या, दोन्ही वेल्डननेच घातलेल्या. पहिली म्हणजे डाव चालू असताना पत्त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. मधे काय पडलंय ते ज्याचं त्याने बघावं. कुठल्याशा तेलाच्या गावात एकाने मधले पत्ते मोठ्याने वाचले, पेंगुळलेल्या दुसऱ्याला त्यामुळे आपलं जुळल्याचं कळलं, आणि त्या भानगडीत ते सुप्रसिद्ध दोन दात गेले. जो नाव घेईल त्याने पुढल्या गुरुवारी सगळ्यांसाठी अक्रोडासारख्या पेकनच्या दाण्यांचा गोड ‘पाय’, केकच्याच जातीचा पदार्थ, भाजून आणायचा, असा दंड होता. क्लोव्हिसची बायको त्या दंडाला इतकी कंटाळली होती की तिने त्याला बजावलं होतं, तोंडात बूच घालून खेळ.

दुसरी रीत कडक होती. ज्याला पत्ते दिसत नाहीत त्याने उठायचं. म्हातारा एमॉस टील मोतीबिंदूने चाचपडायला लागला, राणीला राजा समजून बोली लावायला लागला, तेव्हा वेल्डनच त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. “एमॉस, इज्जतीत घरी जा,” तो हळूच म्हणाला होता. “हे टेबल दयेवर चालत नाही.” एमॉसने हॅट उचलली, सगळ्यांशी हात मिळवले आणि तो पोत्यांच्या थप्पीमागे दिसेनासा झाला. त्यानंतर तो दुकानात खाद्य घ्यायलासुद्धा आला नाही. रस्त्यात भेटला तर हवेबद्दल बोलायचा.

हे सगळं ओलेटाला आठवायचं कारण, पुढे एका वर्षी तिला कळलं होतं की वेल्डनचे डोळे गेलेत.

आधी त्याने गाडी चालवणं सोडलं. म्हणाला, इंजिन तेल फार पितं. मग तिच्या कपात कॉफी ओतताना थोडी कपात आणि बरीच तिच्या मांडीवर ओतली. म्हणाला, कप हलला. मग ती टेबलावर त्याच्याकडे नीट बघायला लागली. आपले दोन पत्ते तो नाकाजवळ धरायचा आणि कोंबडीसारखी मान तिरकी करून एका डोळ्याने बघायचा. बघण्याच्या ऐन मधोमध त्याला काळा डाग होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. हे त्याने पुढे सांगितलं. तेव्हा तिने नुसतं ताडलं.

आणि एके गुरुवारी तिच्या लक्षात आलं की वेल्डन आता फक्त पहिल्या खुर्चीवरूनच खेळतोय. एरवी वाटलेले पत्ते बघायचा आणि टाकायचा, बघायचा आणि टाकायचा. पहिली खुर्ची आली की वाढवायचा. दर फेरीला. एवढे राजे-एक्के कुणाला येतात? कॉफीचा कप खाली ठेवून तिने हिशेब मांडला. पहिल्या खुर्चीवरून त्याने वाढवली की सगळे टाकतात. सगळ्यांनी टाकले की डाव तिथेच संपतो. मधले पत्ते पडतच नाहीत. म्हणजे त्याला ते बघावे लागत नाहीत. जन्मभर जमवलेल्या नावाच्या जोरावर तो आंधळेपणाने खेळत होता.

हसावं की रडावं तिला कळेना. डब असता तर टाळी देऊन म्हणाला असता, म्हातारा अजून आपल्या सगळ्यांना विकून खाईल. पण डब नव्हता, आणि तिच्या हातात त्या क्षणी दोन राजे होते. वेल्डनची बोली घेतली असती तर मधे पाच पत्ते पडले असते, वेल्डनला त्यांच्यावर बोलावं लागलं असतं, आणि सगळ्यांसमोर उघडं पडलं असतं. मग त्याची हॅट, सगळ्यांशी हात, आणि पोत्यांची थप्पी. रीत त्याचीच होती, तो स्वतःला सूट देणाऱ्यातला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

तिने दोन राजे टाकले. पुढे वर्षभर ती टाकत राहिली.

त्या वर्षाच्या शेवटी शेवटी टेबलावर नवा माणूस आला. पाचवा जो होता तो मुलाकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी हर्शलने नव्या पोस्टमास्तरला बोलावलं. ड्युएन पार्टलो त्याचं नाव, लबक शहराहून बदलून आलेला, गुबगुबीत, सभ्य, आवाज खणखणीत. बोटं सतत चकत्यांशी चाळा करत, एकावर एक चढवायची, पाडायची, चिक-चिक-चिक. क्लोव्हिसच्या कपाळावर आठ्या चढत.

बसण्याआधी हर्शलने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “एक लक्षात ठेव. वेल्डनने पहिल्या खुर्चीवरून वाढवली की टाकायचे. इथली पद्धत आहे.”

ड्युएन हसला. नव्या माणसाची गंमत करतायत असं त्याला वाटलं.

दुपार चांगली चालली होती. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचा तरी ट्रक खाद्य भरून घेत होता. वाटायची पाळी ओलेटाची आली. तिच्या डाव्या हाताला वेल्डन, म्हणजे पहिली खुर्ची त्याची. त्याच्यापलीकडे क्लोव्हिस, मग हर्शल, मग ड्युएन.

वेल्डनने पत्ते नाकाशी नेले, मान तिरकी केली आणि चकत्यांची चांगली चवड पुढे सारली.

“वाढवली.”

क्लोव्हिसने टाकले. हर्शलने टाकले. ओलेटाही पत्ते टाकायला हात उचलत होती, तेवढ्यात ड्युएन म्हणाला, “घेतली.”

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. क्लोव्हिस त्याच्याकडे असा बघत राहिला की जणू चर्चमध्ये कुणी शिट्टी मारली.

“काय म्हणालास?” हर्शलने विचारलं.

“घेतली म्हणालो. घ्यायची नसते का?”

“घ्यायची असते,” वेल्डन म्हणाला. “का नाही? वाट, ओलेटा.”

तिने स्वतःचे पत्ते टाकले आणि मधे तीन पत्ते उघडे ठेवले. आता पहिलं बोलणं वेल्डनचं. त्याने मान या बाजूला तिरकी केली, त्या बाजूला केली. मग मान सरळ केली आणि त्याचा उजवा हात सावकाश गुडघ्यावरच्या हॅटकडे गेला. ते फक्त ओलेटाला दिसलं. तिला वाटलं, संपलं. हा आता उठणार आणि मला म्हणणार, आज हवा बरी आहे, आणि त्यानंतर जन्मभर हवेबद्दलच बोलणार.

“बदाम राजा,” ती मोठ्याने म्हणाली. “किलवर चव्वी. बदाम नव्वी.”

“ओलेटा!” क्लोव्हिस किंचाळला.

“काय झालं?”

“नावं घेतलीस!”

“घेतली का? अगंबाई. वय झालं रे क्लोव्हिस, जिभेला हाड नाही उरलं. पाय मी आणते पुढच्या गुरुवारी.”

“तीन पत्ते, तीन पाय,” हर्शल पुटपुटला, पण तो तिच्याकडे नाही, वेल्डनकडे बघत होता.

वेल्डन हलला नाही. हात हॅटवरच होता. त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. त्याला कळलं होतं. आपल्याला काय झालंय ते हिला ठाऊक आहे, हे त्याला कळल्याचं ओलेटालाही कळलं. तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली. माणसाला भर बाजारात हात धरून रस्ता ओलांडून दिला, आणि तो मागतही नव्हता.

मग हॅटवरचा हात वर आला. त्याने चकत्या पुढे ढकलल्या.

“माझी बोली.”

“घेतली,” ड्युएन म्हणाला. चिक-चिक-चिक.

ओलेटाने चौथा पत्ता उघडला. “चौकट दुर्री.”

“चार पाय,” क्लोव्हिस म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात जोर नव्हता.

“मी बेकरीच काढते.”

वेल्डनने पुन्हा बोली लावली, ड्युएनने पुन्हा घेतली. पाचवा पत्ता पडला. “बदाम गुलाम,” ओलेटा म्हणाली.

वेल्डन ऐकत होता. डोळे त्याने मिटूनच घेतले होते. ओलेटाला त्याचा तो जुना चेहरा दिसला, ब्युइकमधून उतरताना असायचा तसा, ढिम्म आणि आत काहीतरी शिजत असलेला. वर्षभर तो चेहरा तिने पाहिला नव्हता. एवढं वर्ष तो नुसता वाढवायचा आणि रास ओढायचा. खेळत नव्हताच तो.

“तू बोल,” वेल्डन ड्युएनला म्हणाला.

ड्युएनने समोरच्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या.

“सुरेख,” वेल्डन म्हणाला, आणि आपले दोन्ही पत्ते उलटे करून टेबलावर उघडे टाकले. इस्पिकचा एक्का. किलवरचा एक्का. “तुझ्याकडे बदाम आहेत. मधले तीन आणि तुझे दोन, पाचही एका रंगाचे, जोडीवर भारी. घे रास.”

ड्युएनचं तोंड उघडंच राहिलं. त्याने पत्ते दाखवले. बदाम छक्की, बदाम सत्ती.

“एक्के!” क्लोव्हिस म्हणाला. “एक्क्यांची जोडी टाकलीस!”

“तुम्हाला कसं कळलं?” ड्युएनने विचारलं. “मिस्टर वेल्डन, खरंच, कसं कळलं?”

वेल्डन ओलेटाकडे वळला. “कधीपासून?”

“कॉफी सांडलीस तेव्हापासून.”

“आणि तू, हर्शल?”

हर्शलने टेबलावरचा एक जुना ओरखडा नखाने खरवडला. “तू खाद्याचं बिल उलटं धरून वाचलंस ना, तेव्हा.”

“क्लोव्हिस?”

“मला काही माहीत नव्हतं,” क्लोव्हिस म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. “मी एकदा एक्के टाकले तुझ्यापुढे.”

“एक्के? जोडीने?”

“जोडीने. घरी जाऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, डॉक्टरला बोलावू का.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी याच्यावर सगळे लोळून हसले असते. वेल्डन हसला नाही. त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले, आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज म्हाताऱ्याचा होता.

“मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मला वाटायचं, मी तुम्हाला फसवतोय. रात्री पडल्या पडल्या मी खूश असायचो रे. म्हणायचो, वेल्डन, नजर गेली पण नाव अजून चालतं. अजून तू तोंड उघडलंस की टेबल थरथरतं. आणि तुम्ही वर्षभर माझ्या थाळीत टाकत होतात. भिकाऱ्याच्या टाकतात तसं.”

“तसं नव्हतं वेल्डन,” हर्शल म्हणाला.

“मग कसं होतं?”

हर्शल पुन्हा तो ओरखडा खरवडायला लागला. ओलेटाला सांगता आलं असतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तू उठलास तर डबही उठेल, मग ते दात, ती ब्युइक, तो सगळा हशा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक राहणार? आपण दया केली ती त्याच्यावर की स्वतःवर, हे तिलाही नीट सांगता येईना.

वेल्डन उठला. हॅट डोक्यावर ठेवली. “रीत आहे. एमॉसला मीच सांगितली होती.” त्याने हात पुढे केला, आणि नेमका तो ड्युएनच्या बाजूला गेला.

ड्युएनने हात हातात घेतला, पण सोडला नाही. त्या बिचाऱ्याला इथलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता. “जाण्याआधी एवढं सांगाच. माझे बदाम तुम्हाला कसे कळले?”

वेल्डनने हात सोडवून घेतला, पण शिकवणारा माणूस तो, त्याच्याच्याने राहवेना.

“दुपारभर तू चकत्यांशी चिक-चिक करतोयस. डोकं उठवलंस. शेवटचा पत्ता पडला आणि चिक-चिक थांबली. ओलेटाने बदाम म्हटलं आणि तू श्वास घ्यायचा विसरलास. एवढं पुरे झालं.”

“अरे देवा,” ड्युएन म्हणाला आणि त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं.

“आणि आता ऐक. पहिल्या खुर्चीवरून माणूस वाढवतो, मागे चार जण बसलेले असताना वाढवतो, आणि तू त्याच्यासमोर छक्की-सत्ती घेऊन येतोस? गोजिरी दिसली म्हणून? अरे, शंभरदा आलास तर पंचाहत्तरदा तुझ्या अंगावर कपडेसुद्धा ठेवणार नाही मी. आज लागलं तुझं. त्याला खेळ म्हणत नाहीत, त्याला अपघात म्हणतात!”

तो चांगलाच तापला होता. हॅट मागे सरकली होती, एक बोट हवेत नाचत होतं, आणि ड्युएन शाळेतल्या पोरासारखा माना डोलवत होता. क्लोव्हिसने हळूच ओलेटाकडे पाहिलं.

“वेल्डन,” ओलेटा म्हणाली, “एमॉसला नुसतं ऐकून एक्के कधी टाकता आले नसते.”

तो थांबला.

“डोळे चांगले होते तेव्हाही नसते आले. मलाही आले नसते. ह्या टेबलावर कुणालाच आले नसते. तुझी रीत कशासाठी होती? ज्याला खेळता येत नाही त्याने उठावं म्हणून. बस खाली.”

“दयेवर नाही बसणार.”

“दया कसली डोंबलाची! तू आत्ता ह्या पोस्टमास्तरला काय झोडपलंस. वाटायची पाळी तुझी आहे. वाटणार आहेस की भाषणं देणार आहेस?”

वेल्डन उभाच राहिला. बाहेर ट्रकवाल्याने दाराशी येऊन हर्शलला हाक मारली. हर्शल म्हणाला, पोती तूच मोज, मला वेळ नाही. असं त्याने दुकान काढल्यापासून कुणाला सांगितलं नसेल.

“मधले पत्ते मोठ्याने वाचायचे,” वेल्डन शेवटी म्हणाला. “प्रत्येक डावात. तोंड न वाजवायची रीत मी बदलली. ओलेटा नको, ती पुटपुटते. पोस्टमास्तर वाचेल. आणि कुणी जर माझ्यापुढे एक पत्ता जरी उगाच टाकला, तर देवाशप्पथ, मी हवेबद्दल बोलायला लागेन.”

“वाटा,” ड्युएन आनंदाने म्हणाला.

वेल्डन बसला. पत्ते पिसायला त्याला डोळे लागत नव्हतेच. हातांतून ते पाण्यासारखे वाहिले, आणि पाचही जागी दोन-दोन पत्ते सरकत गेले, एकही वाकडा नाही. फक्त क्लोव्हिसचा दुसरा पत्ता टेबलावरून खाली पडला.

“आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय,” पत्ता उचलताना क्लोव्हिस म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून पांढरा पडला.

वेल्डन खो-खो हसला. “खा रे, खा! दुसरा बदलून देतो, मग बघू किती पीठ खातोस.”

आता पहिली खुर्ची क्लोव्हिसची होती. त्याने टाकले. हर्शलने नुसती साधी बोली लावली, ड्युएनने टाकले. ओलेटाने पत्ते कोपऱ्यातून उचलून पाहिले. दोन राण्या. तिने साधी बोली लावली आणि वाट बघितली. वेल्डन शेवटी बोलायचा होता. त्याने पत्ते नाकाशी नेले, मान तिरकी केली आणि चकत्यांची चवड पुढे सारली.

“वाढवली.”

हर्शलने टाकले. खरंच वाईट होते म्हणून टाकले, आणि ते सगळ्यांना कळावं म्हणून कपाळावर हात मारून टाकले. उरली ओलेटा. तिचा हात सवयीने पत्ते ढकलायला पुढे गेलासुद्धा. वर्षभर तो हात एवढंच करत आला होता. तिने तो परत घेतला.

“घेतली.”

वेल्डनचा चेहरा तिच्याकडे वळला. तीन पत्ते पडले आणि ड्युएनने पार्सलांवरची नावं वाचावीत तसे खड्या आवाजात वाचले. “इस्पिक सत्ती! चौकट राणी! किलवर तिर्री!”

ओलेटाने बोली न लावता नुसतं टेबलावर बोट टेकवलं. वेल्डनने बोली लावली, तिने घेतली. पुढचा पत्ता, “चौकट पंजी!” पुन्हा त्याने लावली, पुन्हा तिने घेतली. शेवटचा, “बदाम दश्शी!” वेल्डन आता तिचं ऐकत होता, तिचा श्वास, तिच्या बांगड्या, खुर्चीची कुरकुर. ती दगडासारखी बसली. हे दगड होणं त्यानेच शिकवलेलं होतं. तिच्या छातीत मात्र असं धडधडत होतं की तिला वाटलं, एवढं तर बहिऱ्यालाही ऐकू जाईल. हरायची भीती नव्हती ती. कितीतरी दिवसांनी ती खरंच खेळत होती, आणि समोर तोही.

वेल्डनने दोन्ही हातांनी आपल्या सगळ्या चकत्या मधे सारल्या. वर्षभरात जिंकलेल्या, सगळ्यांनी टाकून दिलेल्या.

“घेतली,” ओलेटा म्हणाली.

त्याने दोन राजे उलटे केले. तिने दोन राण्या ठेवल्या, मधल्या राणीशेजारी, आणि त्याला कळावं म्हणून मोठ्याने म्हणाली, “तीन राण्या, वेल्डन.”

“चांडाळणी!” वेल्डन ओरडला, आणि टेबलावर मूठ आपटली, आणि त्याच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “राण्या दाबून ठेवल्यास! माझ्यासमोर!”

ओलेटाने पुढे वाकून दोन्ही हातांनी त्याच्या चकत्या आपल्याकडे ओढल्या, एकूण एक, आणि त्याच्यासमोर एकही शिल्लक ठेवली नाही.